लग्न भायलीला, आत्या न्यू जर्सीला

ताई,
मी २७ वर्षांची आहे, वडोदऱ्यात मांजलपूरला राहते. कॉलेज संपल्यापासून अलकापुरीतल्या एका इव्हेंट कंपनीत काम करते. लग्नं, कंपन्यांचे वार्षिक कार्यक्रम, नवरात्रात गरब्याच्या मैदानावर गेट आणि पास सांभाळणं, सगळं केलंय. आता एका औषध कंपनीकडून नोकरीची विचारणा आली आहे. घरून काम, ठरलेला पगार. डॉक्टरांसाठी वेबिनार आणि डीलर लोकांच्या ऑनलाइन मीटिंगा सांभाळायच्या. आई म्हणते घे. आमचे सर म्हणतात, ‘ऑनलाइन हे कोरोनातलं खूळ होतं, गेलं. फील्ड सोडलंस तर दोन वर्षांत तुला कुणी ओळखणार नाही.’ पण लग्नाचं गिऱ्हाईक हल्ली हमखास विचारतं, ‘लाइव्ह करून द्याल ना?’ आम्ही ते फोटोग्राफरवर सोडतो. गेल्या मोसमात भायलीच्या एका पार्टी प्लॉटवर, म्हणजे लग्नासाठी भाड्याने देतात तशा मैदानावर, त्यावरून वाद झाला. मुलीची आत्या न्यू जर्सीत रात्री जागत बसली आणि तिला अंतरपाट काही दिसला नाही, फक्त फोटोग्राफरच्या पाठी दिसल्या. मी पडद्याच्या बाजूला गेले तर शिकलेलं वाया जाईल का? की दोन्ही जमवता येतं?
— द्विधेत, मांजलपूर

अगं, नोकरीबद्दल तू पानभर लिहिलंस आणि आत्याबद्दल दोनच ओळी. पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला त्या दोन ओळींतच सापडलं, म्हणून आधी त्यांच्याबद्दल बोलते.

त्या दिवशी काय झालं असेल ते डोळ्यांसमोर आण. मुहूर्त सकाळी अकराच्या सुमाराचा असेल, तर हिवाळ्यात न्यू जर्सीला तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजलेले असतात. आत्या नीट साडीबिडी नेसून लॅपटॉपसमोर बसली असणार. इकडे बोहल्यासमोर स्टँडवर एक कॅमेरा. मंगलाष्टकं सुरू झाली तसे दोन फोटोग्राफर पुढे सरकले, त्यांच्यामागे मुलाचे मित्र मोबाइल उंच धरून उभे राहिले, आणि स्टँडवरचा कॅमेरा सगळ्यांच्या मागे पडला. गुरुजींच्या हातातला माइक हॉलच्या स्पीकरला जोडलेला होता, लाइव्हला नव्हता. त्यामुळे मांडवात मंगलाष्टकं घुमत होती आणि आत्याला ऐकू येत होता गर्दीचा गलका. वाजंत्री वाजली तेव्हा तिला कळलं, की लग्न लागलं.

यात फोटोग्राफरची चूक मला दिसत नाही. त्याला अल्बमचे पैसे मिळतात. चांगला फोटो हवा म्हणून तो पुढे गेला, आणि ते त्याचं कामच आहे. प्रश्न असा, की आत्याच्या जागेची जबाबदारी कोणाची होती? हॉलमध्ये येणाऱ्या सहाशे माणसांच्या खुर्च्या तू मोजतेस, प्लेटा मोजतेस, पार्किंगला माणूस उभा करतेस, आजोबांना बाथरूम जवळ पडेल अशी जागा देतेस. त्याच लग्नाला पडद्यावरून आलेले तीसचाळीस पाहुणे मात्र कोणाच्याच यादीत नव्हते. ते यादीत यायला हवेत, आणि त्यांना यादीत घेणारी व्यक्ती तू व्हायला हवंस. मला तुला मुख्यतः एवढंच सांगायचं आहे. ऑनलाइन कार्यक्रम हे निराळं करिअर आहे असं समजून तू दोन्हींमध्ये निवड करायला बसली आहेस. माझ्या मते तो त्याच कार्यक्रमाचा दुसरा हॉल आहे, आणि त्या हॉललाही नियोजन करणारं माणूस लागतं.

आता तुझ्या सरांचं म्हणणं. त्यांचं अर्धं खरं आहे. झूमवर डिसेंबर २०१९ मध्ये दिवसाला साधारण १ कोटी सहभागी असायचे, ते एप्रिल २०२० मध्ये ३० कोटींवर गेले. तो पूर ओसरणारच होता. २०१९ मध्ये लंडनला सुरू झालेली हॉपिन ही निव्वळ ऑनलाइन कार्यक्रमांची कंपनी ऑगस्ट २०२१ मध्ये पावणेआठ अब्ज डॉलरची मानली जात होती. दोनच वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, तिने आपला कार्यक्रमांचा व्यवसाय दुसऱ्या कंपनीला विकून टाकला. लोकांना भेटायचं होतं, हॉल उघडले, ते भेटले. म्हणून ‘फक्त पडदा’ या भरवशावर आयुष्य बेतू नकोस, हे सरांचं सांगणं मला पटतं.

पण ‘फक्त मैदान’ हाही काही भरवसा नाही, हे वडोदऱ्यात राहणाऱ्या माणसाला मी वेगळं सांगायला नको. २०२० च्या मे महिन्यात केंद्राच्या नियमाने लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा आली. त्या वर्षी नवरात्रात राज्य सरकारने गरब्याला परवानगीच दिली नाही. ज्या शहरात मंडपवाला, लाइटवाला, साउंडवाला, चणियाचोळी शिवणारा, सगळे नऊ रात्रींवर वर्ष काढतात, तिथे एक नवरात्र कोरडं जाणं म्हणजे काय, ते तुझ्या सरांनीही पाहिलं असणार.

शिवाय पूर ओसरला तरी मागे जे राहिलं ते कमी नाही. आपल्या शहरात गल्लीगल्लीत असं घर सापडतं ज्याचा एक मुलगा टोरंटोला आणि एक मुलगी मेलबर्नला आहे. त्यांना लग्नासाठी रजा मिळत नाही, तिकीट परवडत नाही, व्हिसाचं काम अडकलेलं असतं. फक्त परदेशातल्यांचंच कशाला? रावपुऱ्यात लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर राहणारी आजी गुडघ्यांमुळे भायलीच्या पार्टी प्लॉटपर्यंत येऊ शकत नाही. तिच्यासाठी ते दहाबारा किलोमीटरही न्यू जर्सीइतकेच लांब. फेब्रुवारी २०१८ मध्ये आपल्याकडे ९१वं मराठी साहित्य संमेलन झालं. तसं काही आज ठरलं, तर बाहेरगावी गेलेला प्रत्येक बडोदेकर सगळ्यात आधी ‘लिंक कुठे मिळेल’ हेच विचारेल.

औषध कंपन्यांच्या बाबतीत तर ऑनलाइनला खूळ म्हणणं मला साफ चुकीचं वाटतं. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने औषधांच्या विपणनासाठी आचारसंहिता आणली. तिच्यात डॉक्टरांना प्रवास आणि हॉटेल देण्यावर कडक बंधनं आहेत. वक्ता म्हणून बोलावलेल्या डॉक्टरची गोष्ट वेगळी, पण श्रोत्यांना विमानाने नेऊन परिषद भरवण्याचे दिवस त्या संहितेने आखडले. अशा वेळी कंपन्यांना वेबिनार लागणार आणि ते नीट चालवणारी माणसंही लागणार.

म्हणजे मागणी आहे. मग त्या मागणीत तुझी जागा कोणती?

सॉफ्टवेअर चालवणारी मुलं खूप मिळतील. प्रक्षेपणाचं ओबीएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे, व्हीमिक्स हे तसंच दुसरं शिकवणारे व्हिडिओ आहेत. हुशार मुलाला शिकायला महिना पुरतो. पण गुरुजींना मुहूर्ताआधी बाजूला घेऊन ‘काका, अंतरपाट धरताना जरा या बाजूने उभे राहा’ असं अदबीने सांगणं त्या मुलाला जमत नाही. साउंडवाल्या भाईकडून ऐनवेळी मिक्सरचा एक वेगळा आऊट, म्हणजे लाइव्हसाठी आवाजाची वेगळी तार, मागून घेणं, मुलाकडच्या काकांना न दुखावता कॅमेऱ्यासमोरून हलवणं, जेवणाची पंगत लांबली तर पुढचं सगळं वीस मिनिटांनी सरकवणं, हे तू इतकी वर्षं केलं आहेस. पडद्यावरचा कार्यक्रम बिघडतो तो बहुतेक वेळा मैदानावरच्याच कारणांनी, आणि मैदान तुला ठाऊक आहे. म्हणून शिकलेलं वाया जाईल ही भीती सोड.

आता शिकायचं काय ते सांगते, कारण इथे नुसत्या उत्साहावर भागत नाही.

पहिलं इंटरनेट. पार्टी प्लॉटचा मालक ‘वायफाय आहे ना’ म्हणतो, आणि दुपारी रिकाम्या मैदानात ते पळतंही. संध्याकाळी सहाशे माणसं आपापले मोबाइल घेऊन आली, की तेच वायफाय आणि त्याच टॉवरवरचं सिमकार्ड, दोन्ही गुदमरतात. त्यामुळे चाचणी घ्यायची ती त्याच जागी, पण दुसऱ्या कोणाच्या तरी कार्यक्रमाच्या संध्याकाळी, भर गर्दीत. लोक डाउनलोडचा वेग पाहून खूश होतात. आपल्याला लागतो अपलोड. यूट्यूबवर चांगल्या दर्जाचं चित्र सोडायचं तर १० एमबीपीएस अपलोड हातात असावा, शक्य असेल तर त्याहून जास्त. स्थानिक ब्रॉडबँडवाल्याकडून दोन दिवसांसाठी तारेचं कनेक्शन ओढून घ्यायचं, जोडीला दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं ठेवायची. हा खर्च गिऱ्हाइकाला आधी सांगायचा, नंतर नाही.

मग वीज. मला सगळ्यात जास्त पोटतिडकीने सांगायची ती ही गोष्ट, कारण ती कोणीच सांगत नाही. लाइट गेली की जनरेटर चालू होईपर्यंत काही सेकंद जातात. मांडवात तेवढ्यात लोक ‘ओ...’ करतात आणि हसतात, दिवे येतात, विषय संपतो. पण त्या काही सेकंदांत राऊटर बंद पडलेला असतो. तो पुन्हा उभा राहायला दोनतीन मिनिटं घेतो, आणि प्रक्षेपण पुन्हा जोडायला आणखी एखादं. नेमकी त्याच मिनिटांत सप्तपदी. उपाय अगदी स्वस्त आहे: राऊटर आणि प्रक्षेपणाचा कॉम्प्युटर, या दोघांना वेगळा यूपीएस. मांडवाच्या कोपऱ्यात टेबलाखाली ठेवलेला तो डबा कोणाच्या नजरेत भरत नाही आणि कोणी त्याचं कौतुक करत नाही, पण तू मात्र जनरेटरवाल्याशी बोलतानाच त्याची व्यवस्था करून ठेव. इलेक्ट्रिशियनला बजावून सांग, की या बोर्डात झालर लाइटचा प्लग लागता कामा नये.

आवाजाबद्दल वर आलंच. कॅमेऱ्याच्या माइकवर कधीही विसंबू नकोस. साउंड मिक्सरमधून थेट तार घ्यायची. झूमवरून कोणी हॉलशी बोलणार असेल, तर झूममधून आलेला आवाज परत झूमला जाणार नाही अशी जोडणी साउंडवाल्याकडून करून घ्यायची, नाहीतर बोलणाऱ्याला स्वतःचाच प्रतिध्वनी ऐकू येतो आणि तो गोंधळून गप्प बसतो. साउंडवाले याला ‘मिक्स मायनस’ म्हणतात. हा शब्द उच्चारलास, की तू काय मागते आहेस ते त्यांना कळतं.

झूम कुठे आणि यूट्यूब कुठे, हे ठरवणंही तुझंच काम. यूट्यूबवरचं चित्र पाहणाऱ्यापर्यंत काही सेकंदांपासून अर्ध्या मिनिटापर्यंत उशिरा पोचतं. नुसतं पाहायचं असेल तर काही बिघडत नाही. पण आजीने आशीर्वाद द्यायचा आहे आणि इकडे नवरानवरीने हात जोडायचे आहेत, तर आजी झूमवर हवी. जवळची दहा घरं झूमवर, बाकी सगळे यूट्यूबवर, अशी वाटणी लग्नाला छान चालते. झूमचं फुकटचं खातं ४० मिनिटांनी मीटिंग बंद करतं, ते वापरू नकोस. यूट्यूबवर नवीन चॅनेलला लाइव्हची परवानगी मिळायला २४ तासांपर्यंत लागू शकतात, त्यामुळे आदल्या रात्री चॅनेल उघडून उपयोग नाही.

गाण्यांचा घोळ वेगळाच. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये धार्मिक विधींना सूट आहे, आणि लग्नाची वरात व लग्नातले इतर समारंभ त्यात धरले आहेत. पण यूट्यूबच्या यंत्रणेला हे कोण सांगणार? ती गाणं आपोआप ओळखते आणि चालू प्रक्षेपण अडवू शकते. म्हणून वरातीत किंवा जेवणाच्या वेळी सिनेमाची गाणी लागली, की प्रक्षेपणातला आवाज खाली आणून सनईचं स्वतः वाजवून घेतलेलं रेकॉर्डिंग सोडायचं. आपल्याकडे सनईवाले आहेत, एकदा अर्धा तास वाजवून घे, कायमचं कामाला येईल.

आणि कृपा करून संगीताच्या रात्रीचा कार्यक्रम कोणालाही उघडता येईल अशा लिंकवर सोडू नकोस. घरच्या बायका मोकळेपणाने नाचतात ते घरच्यांसमोर. ‘अनलिस्टेड’ लिंक शोधून सापडत नसली, तरी व्हॉट्सॲपवर पुढे ढकलली की कोणालाही उघडते, हे कुटुंबाला स्पष्ट सांग आणि काय दाखवायचं, काय नाही, ते मुलीला विचार. फक्त वडिलांना विचारून थांबू नकोस. कंपन्यांच्या कामात नावनोंदणीचे फॉर्म येतात, त्यात लोकांचे फोन नंबर असतात. ते कशासाठी घेतले ते लिहायचं आणि त्याच कामासाठी वापरायचे. २०२३ चा वैयक्तिक डेटाचा कायदा त्याचसाठी आहे.

यंत्रांचं एवढं पुरे. माणसांचा भाग मला याहून मोलाचा वाटतो. हॉलमधला पाहुणा आला की सरबत पितो, ओळखीच्या माणसाला हाका मारतो, कार्यक्रम पाऊण तास उशिरा सुरू झाला तरी त्याचं काही अडत नाही. पडद्यावरच्या पाहुण्यासमोर तोच पाऊण तास रिकामी खुर्ची आणि इकडून तिकडे पळणारा एखादा लहान मुलगा असतो. तो दहा मिनिटांत निघून जातो, आणि परत येत नाही. तू कार्यक्रमाचा जो तक्ता करतेस, त्यात वेळ, जागा, जबाबदारी असे रकाने असतील. त्यात आणखी एक रकाना वाढव: ‘पडद्यावर काय’. प्रत्येक ओळीसमोर तो भरायचा. हॉलमध्ये पाहुणे नाश्ता करत असतात तेव्हा पडद्यावर मुलीच्या लहानपणीचे फोटो, किंवा घरातल्या एखाद्या बोलक्या मावशीने झूमवरच्या मंडळींशी मारलेल्या गप्पा. ही बोलकी मावशी फार मोठं काम करते. ‘सिडनीहून अमुक आलेत, नाशिकहून तमुक आलेत’ असं तिने नाव घेऊन म्हटलं, की ती माणसं लग्नाला आली असं होतं. मावशी नसेल तर तुझ्या टीममधलं कोणीतरी, पण मराठी घरासाठी मराठी बोलणारं आणि गुजराती घरासाठी गुजराती बोलणारं.

चार दिवस आधी एक छोटा मेसेज जायला हवा: कुठल्या देशात किती वाजता, लिंक कोणती, अक्षता हाताशी ठेवा, निरांजन लावायचं असेल तर तयार ठेवा. वेळा तू स्वतः काढून द्यायच्या, पाहुण्यांवर सोडायच्या नाहीत. संध्याकाळी साडेसहाचा गोरज मुहूर्त हिवाळ्यात न्यू जर्सीला सकाळी आठ, लंडनला दुपारी एक, कॅलिफोर्नियात पहाटे पाच आणि सिडनीत मध्यरात्र. अमेरिकेतली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी तासभर पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात, त्यामुळे तुळशीच्या लग्नानंतरच्या आणि एप्रिल-मेच्या तारखांची गणितं एकसारखी नाहीत. यजमान मुहूर्त निवडायच्या आधी हे त्यांच्यासमोर ठेवलंस, तर कदाचित ते दोन मुहूर्तांमधला परदेशातल्या माणसांना सोयीचा पडणारा घेतील. त्या घरात तुझा शब्द किती वजनदार होतो ते बघ.

पैशांचं बोलू. तुझ्या सरांना पटेल ते हेच असेल. आपल्या धंद्यात चातुर्मासात लग्नं नाहीत, डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत कमूरता, म्हणजे तेव्हाही मुहूर्त नाहीत. गणपती आणि नवरात्र मध्ये येतात म्हणून निभावतं, तरी हातावर हात धरून बसायचे दिवस पुष्कळ. कंपन्यांची व्याख्यानं, डीलर मीटिंगा, प्रशिक्षणं, कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचे मेळावे यांना मुहूर्त लागत नाही. आपल्या आजूबाजूला रिफायनरी आहे, खत कारखाने आहेत, मकरपुऱ्याची औद्योगिक वसाहत आहे, औषध कंपन्या आहेत, सयाजीराव विद्यापीठ आहे. त्यांचे कार्यक्रम पडद्यावर सांभाळायचे आणि त्याच ओळखीतून त्यांचा मैदानावरचा वार्षिक कार्यक्रम मिळवायचा. उलटही होतं: ज्या कंपनीचा वार्षिक दिवस नीट करून दिला, ती मधल्या महिन्यांतले वेबिनार दुसऱ्याकडे का नेईल?

दरपत्रकात ‘लाइव्ह’ फुकट लिहू नकोस, एकरकमीही लिहू नकोस. कॅमेरे, इंटरनेट, चालवणारा माणूस, ऑनलाइन पाहुण्यांची विचारपूस करणारा माणूस, नंतरचं रेकॉर्डिंग, असं सुटं मांड. लोकांना कशाचे पैसे देतो ते दिसलं की ते देतात. फुकट दिलेली गोष्ट बिघडली तरी भांडण तेवढंच होतं, हे भायलीला तू पाहिलंसच.

आता नोकरी. मुलाखतीत त्यांना एक प्रश्न सरळ विचार: ‘हीच टीम तुमच्या सायकल मीटिंगा (म्हणजे विक्री प्रतिनिधींच्या ठरावीक काळाने होणाऱ्या बैठका) आणि डीलर मेळावे हॉटेलात प्रत्यक्षही करते का?’ उत्तर हो असेल, तर मनात शंका न ठेवता नोकरी घे. तुला दोन्ही हॉल मिळाले, पगारासकट. उत्तर नाही असेल, काम फक्त पडद्यावरचं असेल, तर माझं मत घेऊ नकोस असंच आहे. तुझं खरं भांडवल मैदानावरची ओळख आणि सवय आहे, आणि ती दोन वर्षं न वापरता राहिली तर कमी होते. इथे सरांचं बरोबर आहे. मात्र घरात ठरलेल्या पगाराची खरोखर निकड असेल, आईच्या म्हणण्यामागे तसं काही असेल, तर माझं हे मत बाजूला ठेव. नोकरी घे, आणि नवरात्रात नऊ रात्री मैदानावर काम करायची परवानगी रुजू होण्याआधी लेखी मागून घे. तोंडी ‘बघू’वर जाऊ नकोस.

नोकरी घेतली नाहीस, तर सरांशी बोल. नव्या नोकरीची विचारणा आली आहे हे लपवू नकोस, पण धमकीसारखंही सांगू नकोस. त्यांच्यासमोर भायलीचं प्रकरण ठेव आणि म्हण: ‘सर, यापुढे लाइव्हची जबाबदारी माझ्याकडे द्या. कॅमेरे फोटोग्राफरचेच राहू देत, पण कुठे लावायचे, आवाज कुठून घ्यायचा, पाहुण्यांना काय कळवायचं, हे मी बघते. बिलात वेगळी ओळ लावू. तुळशीच्या लग्नानंतरचं एक लग्न मला करू द्या, नफातोटा तुम्हीच पाहा.’ एका लग्नापुरतं मागितलेलं सहसा कोणी नाकारत नाही. त्यांनी तरीही नाही म्हटलं, तर ते तुला वाढू देणार नाहीत एवढं कळलं, आणि मग दुसरीकडे बघायला तुला मोकळीक आहे.

सराव मात्र गिऱ्हाइकाच्या लग्नावर करू नकोस. दांडिया बाजार-रावपुऱ्यात मराठी मंडळं आहेत, गणपतीत व्याख्यानं आणि कीर्तनं असतात. एखाद्या मंडळाला जाऊन म्हण, की यंदाचं एक व्याख्यान मी फुकट लाइव्ह करून देते. पन्नास श्रोते, एक वक्ता, एक माइक. शिकायला याहून चांगली जागा नाही. तारा कुठून न्यायच्या, राऊटर कुठे ठेवायचा, चॅटमध्ये आलेला प्रश्न वक्त्यापर्यंत कसा पोचवायचा, हे तिथे हातांना कळेल.

महागडे कोर्स सध्या नकोत. पुढे कंपन्यांच्या मोठ्या परिषदांकडे जायचं ठरवलंस, तर सीएमपी नावाचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र आहे, त्याला प्रत्यक्ष कामाचा अनुभव मोजतात, आणि तो तुझ्याकडे आहे. ऑनलाइन कार्यक्रमांसाठीचे वेगळे अभ्यासक्रमही आहेत. पण ते पुढच्या वर्षी. आधी सरांशी बोल, आणि नवरात्राच्या पासांची धावपळ सुरू व्हायच्या आत बोल. एकदा ती सुरू झाली की दसऱ्यापर्यंत ते कोणाचं काही ऐकून घ्यायचे नाहीत.